संप चिघळण्याआधी

मराठी माणसाला 'संप' दोन अर्थांनी ठाऊक असतो. एक एसटीचा किंवा गिरण्यांचा. दुसरा सोसायटीच्या गेटाजवळ जमिनीखाली असतो तो, ज्याचं झाकण उन्हाळ्यात टँकर आला की उघडतं. तिसरा अर्थ फक्त समुद्री टाकी पाळणाऱ्या मूठभर येड्यांना माहीत असतो: दिवाणखान्यातल्या टाकीखालच्या कपाटात लपवलेली दुसरी टाकी. वरच्या टाकीतलं पाणी ओसंडून पाईपाने खाली येतं, खाली स्वच्छ होतं आणि पंपाने परत वर जातं. चोवीस तास, वर्षाचे ३६५ दिवस.

आजचं भांडण या तिसऱ्या संपाबद्दल आहे. खरं म्हणजे तो बनवणाऱ्यांशी आणि त्यांच्याकडून मुकाट्याने बनवून घेणाऱ्यांशी आहे. माझं म्हणणं एवढंच, की संपातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे त्यातली रिकामी जागा. आणि आपण नेमकी तीच सगळ्यात आधी भरून टाकतो.

(ज्यांना मासे म्हणजे फक्त सुरमई-पापलेट एवढंच माहीत आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही. ज्यांच्या वरच्या मजल्यावर अशी टाकी आहे त्यांनी तर वाचाच.)

तुम्ही कुठल्याही टाकीवाल्याकडे जा आणि 'चार फुटी मरीन टँकला संप पाहिजे' म्हणा. तो आनंदाने कागदावर एक चौकोन काढेल आणि त्यात खण पाडायला लागेल. हा स्किमरचा खण, हा शेवाळाचा, हा मीडियाचा, हा रिअ‍ॅक्टरचा, हा पंपाचा. प्रत्येक खणाबरोबर काहीतरी विकता येतं. पाणी किती उंचीवर राहील असं विचारलंत तर तो चौकोनाच्या वरच्या कडेच्या जरा खाली रेघ मारेल आणि वर ऐकवेल, "सर, पाणी जितकं जास्त तितकी टाकी स्टेबल." वाक्य तसं खरं आहे. जास्त पाण्यात तापमान आणि क्षारता सावकाश बदलतात. पण हे खरं वाक्य चुकीच्या टाकीबद्दल आहे. पाणी वाढवायचं तर वरची टाकी मोठी घ्या. संपाच्या वरच्या भागात दिसणारी हवा ही वाया गेलेली जागा नाही, तिला काम आहे. ते काम रोज दिसत नाही इतकंच.

काय काम? पंप बंद पडला की वरचं पाणी खाली येतं, ते सामावून घेण्याचं.

इथे लोक लगेच म्हणतात, आमच्याकडे लाईट जातच नाही. अहो, पुण्यात राहता ना? गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद हे काय नवीन आहे? बरं, समजा नाही जात. समजा घरी इन्व्हर्टर आहे. तरी दर एक-दोन महिन्यांनी पंप काढून व्हिनेगरमध्ये बुडवून खरवडावा लागतो, नाहीतर कॅल्शियमचा थर चढून तो जाम होतो. तेव्हा पंप बंद करणारे तुम्हीच असता. माशांना खायला घालताना बंद करता. पाहुण्यांचं पोर बटण दाबतं. एमसीबी पडतो. पंप बंद पडणं ही दुर्घटना नाहीच, ते रोजच्या कामकाजातलंच एक आहे. नेटवर्क कधीच तुटणार नाही असं गृहीत धरून कोड लिहिणाऱ्या पोराला आपण कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो, आणि घरी येऊन तसलाच संप बांधून घेतो.

आता हिशेब. हा हिशेब अक्षरशः चौथीच्या गणिताचा आहे, आणि तो न करता लोक लाखभर रुपयांची टाकी उभी करतात म्हणून मला राग येतो.

माझी टाकी १२० × ५० × ५० सेंटीमीटर. म्हणजे तळ ६००० चौरस सेंटीमीटर, म्हणजे पाण्याच्या दर एक सेंटीमीटर उंचीला ६ लिटर. संप ९० × ४० × ४०. त्यात दर सेंटीमीटरला ३.६ लिटर. हे दोन आकडे पाठ करा, बाकी सगळं त्यांच्यातून निघतं.

पंप बंद झाला की पाणी तीन ठिकाणांहून खाली येतं. पहिलं ठिकाण म्हणजे पाईप. सगळे घाबरतात ते याला, आणि तेच सगळ्यात फुटकळ आहे. आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या दीड मीटर पाईपात पाऊण लिटरच पाणी असतं. दोन-तीन पाईप धरले तरी दोन लिटर. दुसरं ठिकाण ओव्हरफ्लोचा डबा, म्हणजे टाकीच्या आतला तो दातेरी कडेचा कोपरा, ज्यात पाणी पडून मग पाईपात शिरतं. माझ्या डब्यातून साधारण ५ लिटर येतात. तिसरं ठिकाण परतीच्या पाईपाचं तोंड. खरी गंमत इथे आहे.

पंप पाणी वर ढकलत असतो तो पाईप टाकीत जिथे उघडतो ते तोंड पाण्याखाली असतं. पंप थांबला की तोच पाईप उलटा चालतो. ड्रमातून नळीने रॉकेल काढायचे ना, तोच सायफन. तोंड उघडं पडून त्यात हवा शिरेपर्यंत तो पाणी ओढत राहतो. माझ्या टाकीत हे तोंड पाण्याच्या चालू पातळीच्या अडीच सेंटीमीटर खाली आहे. अडीच गुणिले सहा, १५ लिटर. सगळं मिळून १५ अधिक ५ अधिक २, म्हणजे २२. ढोबळमानाने २५ धरू. संपात ते सात सेंटीमीटर चढतात.

आता हेच तोंड टाकीवाल्याने 'पाणी खालपर्यंत फिरलं पाहिजे सर' म्हणून १० सेंटीमीटर खाली लावलं, तर? ६० अधिक ५ अधिक २. सदुसष्ट लिटर. माझ्या संपात चालू पातळी २२ सेंटीमीटर आहे, म्हणजे वर १८ सेंटीमीटर रिकामे, स्किमरबिमरची जागा वजा जाता साधारण ६० लिटर. तीच टाकी, तोच संप, तोच पंप. फक्त एक एल्बो साडेसात सेंटीमीटर खाली लावला आणि फरशीवर सात लिटर खारं पाणी. आणि माझा संप या टाकीच्या मानाने ऐसपैस आहे. बाजारात या मापाच्या टाकीला सर्रास लहान संप देतात.

यावर बाजाराचं उत्तर ठरलेलं आहे: एनआरव्ही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. परतीच्या पाईपात एक झडप बसवायची, जी पाणी वर जाऊ देते आणि खाली येऊ देत नाही. दोन-चारशे रुपयांत प्रश्न मिटला, मग रिकामी जागा कशाला?

या झडपेबद्दल माझं मत फार वाईट आहे, आणि ते झडपेच्या कारखान्याबद्दल नाही. गोड्या पाण्याच्या लाईनवर, गच्चीवरच्या टाकीच्या पाईपात ती वर्षानुवर्षं इमानाने काम करते. पण रीफ टाकीचं पाणी मुद्दाम कॅल्शियमने भरलेलं असतं, कारण प्रवाळांना आणि शंखांना तेच हवं असतं. ते कॅल्शियम झडपेच्या पाळीवर बसतं. वाळूचा कण अडकतो. नळीत राहणारे बारके किडे नेमकी ती अंधारी, वाहत्या पाण्याची जागा शोधून घर करतात. मग पाळी पूर्ण मिटत नाही. झडप फुटत नाही, तुटत नाही, आवाज करत नाही. ती खराब झाली आहे हे कळायचा एकच क्षण असतो, आणि तो म्हणजे तिची गरज पडते तो क्षण. ज्या बॅकअपमधून कधीच रिस्टोर करून बघितलेलं नाही त्याला आपल्या धंद्यात बॅकअप म्हणत नाहीत.

माझ्या एका मित्राची गोष्ट सांगतो. बाणेरला सातव्या मजल्यावर राहतो, माझ्याएवढीच टाकी. संप मात्र ७५ × ३५ × ३८, त्यात पाच खण, आणि 'स्टेबिलिटी'साठी पाणी ३० सेंटीमीटरवर. म्हणजे वर आठ सेंटीमीटर, जेमतेम २० लिटर जागा. परतीचं तोंड १० सेंटीमीटर खाली. वर एनआरव्ही. मंडळी शनिवार-रविवार गणपतीपुळ्याला. शनिवारी रात्री लाईट गेली.

पहिला अंक सोपा होता. झडपेत कॅल्शियमची पापडी होती, सायफन सुरू राहिला, चाळीस-पंचेचाळीस लिटर खारं पाणी लाकडी फ्लोअरिंगखाली गेलं आणि तिथून खालच्यांच्या फॉल्स सीलिंगवर. दुसरा अंक लाईट आल्यावर. पंप सुरू झाला, त्याने उरलेलं पाणी वर नेलं, पंपाच्या खणातली पातळी घसरली. ती पातळी राखायला एक ऑटो टॉप-ऑफ बसवलेला होता. बाष्पीभवनाने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून हा सेन्सर पातळी घसरली की गोडं आरओचं पाणी सोडतो. त्याला काय माहीत पाणी उडालं नाही, सांडलं? आणि तो जोडलेला होता थेट आरओच्या लाईनला, म्हणजे त्याच्यापुरता समुद्र अमर्याद. रात्रभरात त्याने चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडं पाणी भरून पातळी बिनचूक आणली. रविवारी संध्याकाळी मंडळी परतली तेव्हा टाकी बाहेरून ठणठणीत दिसत होती. क्षारता ३५ वरून ३१ च्याही खाली. मासे वाचले. कोळंब्या गेल्या, स्टारफिश गेला, बरेच शंखही गेले. या प्राण्यांना शरीरातले क्षार माशांसारखे सांभाळता येत नाहीत, एका रात्रीतला एवढा बदल त्यांना झेपत नाही.

खालच्या काकूंच्या घराचं छत, फ्लोअरिंग आणि मेलेले जीव, या तिघांत सगळ्यात स्वस्त काय होतं ते मी लिहीत नाही. मित्र मला फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, "पण एनआरव्ही होता ना रे!"

या गोष्टीत एकही उपकरण 'खराब' नव्हतं, हे लक्षात घ्या. पापडीवाली झडपसुद्धा नव्वद टक्के मिटत होती. पंपाने काम केलं, सेन्सरने केलं, आरओने केलं. कमी होती ती फक्त रिकाम्या जागेची आणि मर्यादेची. म्हणूनच 'चांगल्या कंपनीचा घ्यायला हवा होता' हा निष्कर्ष ऐकला की मला घेरी येते.

झडप लावूच नका असं मी म्हणत नाही. दोन्ही बाजूंना युनियन लावून महिन्याला उघडून साफ करणार असाल तर खुशाल लावा. फक्त हिशेब करताना ती नाही असं धरा. तीच गोष्ट परतीच्या पाईपाला पाण्याच्या पातळीलगत पाडलेल्या बारक्या भोकाची. पातळी उतरली की त्यातून हवा शिरून सायफन तुटतो, कल्पना छान आहे. पण त्या भोकात शेवाळ बसतं, गोगलगायी बसतात. पाईपाचं आख्खं तोंडच वर आणा. २५ मिलिमीटरचं तोंड कुठल्याही गोगलगायीला बुजवता येत नाही.

आता उलटा प्रसंग. पंप चालू आहे आणि खाली येणारा पाईप तुंबला. एखादा शंख चढून बसला, शेवाळाचा गोळा गेला, काहीही. मग पंप खालचं पाणी वर नेत राहणार आणि वरची टाकी काठावरून ओसंडणार. इथे संपाची रचना पुन्हा कामाला येते. मधल्या काचा, म्हणजे बॅफल, स्किमरच्या खणातलं पाणी धरून ठेवतात. पंपाला फक्त शेवटच्या खणातलं पाणी मिळतं. तो खण माझ्याकडे २० × ४० चा, २० सेंटीमीटर पाण्याचा, म्हणजे १६ लिटर. सगळं वर गेलं तरी टाकीत २.७ सेंटीमीटर चढेल. काठ पातळीपासून चार सेंटीमीटर वर आहे. झालं, पाणी आतच राहिलं. म्हणून पंपाचा खण मुद्दाम लहान ठेवायचा. टाकीवाला तो मोठा करायला सांगतो, 'सारखं पाणी घालायला नको सर' म्हणून.

त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. बाष्पीभवनाने घटणारी पातळी याच खणात दिसते. उन्हाळ्यात टाकी थंड ठेवायला पंखा लावला की दिवसाला ५ लिटर सहज उडतात, आणि या खणात ते सहा सेंटीमीटर होतात. म्हणजे टॉप-ऑफ हवाच. आणि टॉप-ऑफ आला की दोन बरोबर वस्तू मिळून घोळ घालू शकतात: पाईप तुंबला, पंपाने १६ लिटर वर नेले, सेन्सरला पातळी घसरलेली दिसली, त्याने आणखी पाणी सोडलं, पंपाने तेही वर नेलं. माझ्या टॉप-ऑफच्या कॅनमध्ये २० लिटर असतात. सोळा अधिक वीस, छत्तीस. भागिले सहा, सहा सेंटीमीटर. काठ चारवर. गेलं पाणी खाली!

म्हणून तिसरा पाईप.

आपल्या प्रत्येक इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीला एक पाईप असतो ज्यातून कधीच पाणी येत नाही. ओव्हरफ्लोचा. वॉचमनकाकांना पंप बंद करायची आठवण राहिली नाही, तरच तो वाहतो. वर्षातले बहुतेक दिवस तो कोरडा, निरुपयोगी, आणि तरी कुठलाही प्लंबर तो गाळत नाही. दिवाणखान्यातल्या, दहापट महागड्या टाकीला मात्र एकच ड्रेन पाईप! रीफवाल्यांमध्ये यावर उत्तम पद्धती रूढ आहेत. 'हर्बी'त दोन पाईप: एक गेट व्हॉल्व्हने आवळलेला, पूर्ण भरून सायफनने वाहणारा, आणि एक कोरडा. 'बीनअ‍ॅनिमल'मध्ये तीन: एक सायफनचा, एक अर्धा हवा अर्धं पाणी वाहणारा, एक पूर्ण कोरडा. आवाज जवळजवळ शून्य. कोरड्या पाईपातून पाणी पडायला लागलं की जो खळखळाट होतो तो फुकटचा अलार्म. मी तीन पाईप लावलेत. 'तिसऱ्या भोकाने काच कमकुवत होईल' असं मलाही ऐकवलं होतं. साध्या फ्लोट काचेला भोकांमध्ये आणि कडेपासून नीट अंतर ठेवून तीन भोकं पडतात. टफन केलेल्या काचेला मात्र एकही पाडता येत नाही, फुटते. कुठली काच आहे ते आधी विचारा.

टॉप-ऑफचा कॅन २० लिटरचाच का, तर तो पूर्ण रिकामा झाला तरी साधारण ३५० लिटरच्या माझ्या पाण्याची क्षारता ३५ वरून ३३ वर येते. वाईट, पण बहुतेक जीव सोसतात. आणि लाईट जाऊन २५ लिटर खाली आले, वर हे २० सांडले, तरी ४५. जागा साठची. आरओची लाईन थेट संपाला जोडणाऱ्यांना मी काही बोलत नाही, फक्त त्यांच्या खाली कोण राहतं ते विचारतो.

पंपाच्या आकाराचा भ्रम यातलाच. 'ताशी दहापट पाणी फिरलं पाहिजे' हा नियम ज्या काळी टाकीत प्रवाह तयार करायला परतीच्या पंपाशिवाय फारसं काही नव्हतं, त्या काळचा आहे. आता टाकीत लावायचे प्रोपेलर पंप हजारो लिटर पाणी हलवतात, तेही थोड्या विजेत. संपातून तीन-पाचपट गेलं तरी पुरतं. मी ताशी १२०० लिटर फिरवतो. बॅफलच्या ३ सेंटीमीटरच्या फटीतून तेव्हा पाणी सेकंदाला तीनेक सेंटीमीटरने जातं आणि बुडबुड्यांना वर यायला वेळ मिळतो. ३००० लिटर फिरवलं तर वेग अडीचपट, सगळे बुडबुडे वर टाकीत, मग ते अडवायला स्पंज, स्पंज तुंबतो, मग पातळी चढते. एका गरज नसलेल्या पंपापायी केवढी ही वरात.

संप हा प्रकार आला कुठून हेही बघण्यासारखं आहे. इंडोनेशियात जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली 'नैसर्गिक' पद्धत छापून आणली तेव्हा त्यात संप नव्हताच. जिवंत खडक, हवेचे बुडबुडे, उजेड, बस. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे अमेरिकेत 'वेट-ड्राय' फिल्टरची लाट आली: प्लॅस्टिकच्या गोळ्यांच्या मनोऱ्यावरून पाणी ठिबकवायचं आणि खाली एका पेटीत गोळा करायचं. पुढे लोकांना कळलं की त्या गोळ्यांवर नायट्रेट तयार होतं आणि ते काढून टाकायची सोय तिथे नाही. गोळे गेले, पेटी राहिली. ती पाणी जमा व्हायची पेटी होती हो! हळूहळू तिचं अडगळीचं कपाट झालं, आपल्या माळ्यासारखं.

विजेचंही सांगतो, कारण हे जिवावरचं आहे. संपाच्या कपाटात एक्स्टेंशन बोर्ड तळाशी आडवा टाकलेला मी किती घरांत बघितला त्याची मोजदाद नाही. शेजारी चाळीस सेंटीमीटरवर खारं पाणी. बोर्ड कपाटाबाहेर, उंचावर. प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली लोंबून मग वर जायला हवी, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब सॉकेटात न जाता लोंबत्या भागातून खाली पडतो. आणि लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हा खर्च टाळून ज्यांनी दुसरा रिअ‍ॅक्टर घेतलाय त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्या बायकोशी बोलतो. :-)

इन्व्हर्टर असेल तर त्यावर परतीचा पंप लावू नका, टाकीतला छोटा प्रवाहाचा पंप लावा. लाईट गेल्यावर मासे स्किमरअभावी मरत नाहीत, ऑक्सिजनअभावी मरतात. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की पुष्कळ तास निभतात. संप तेवढा वेळ शांत पडून राहू दे. त्याने संपावर जाणं आपण हिशेबात धरलेलंच आहे.

ज्यांना माझी आकडेमोड कंटाळवाणी वाटली त्यांच्यासाठी एक आडमार्ग आहे, आणि तो आकडेमोडीपेक्षा खात्रीचा आहे. टाकी भरून, एनआरव्ही असेल तर काढून, पंप एकदा चालवा आणि बंद करा. वरून यायचं तेवढं सगळं पाणी खाली येऊ द्या. आता पंप बंद असतानाच संप काठाच्या आठ सेंटीमीटर खालपर्यंत भरा. हे आठ सेंटीमीटर टॉप-ऑफच्या कॅनसाठी आणि काठाला थोडी फट म्हणून. मग पंप सुरू करा. पाणी वर जाऊन संपात जिथे स्थिरावेल तिथे काचेवर परमनंट मार्करने रेघ मारा. या रेघेच्या वर चालू संपात पाणी कधीही न्यायचं नाही. स्किमरला याहून जास्त खोली हवी असेल तर त्याच्या खणाचा बॅफल बदलायचा, किंवा संप बदलायचा. रेघ हलवायची नाही.

मग पंपाचं बटण दहा वेळा बंद-चालू करा. दर वेळी सायफनचा पाईप आपोआप पुन्हा सुरू व्हायला हवा. होत नसेल तर त्याचं खालचं टोक संपाच्या पाण्यात फार खोल आहे, आतली हवा बाहेर पडत नाहीये. दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंत कापून टाका. स्किमर दर वेळी दोन-चार मिनिटं वेड्यासारखा फेसाळेल, कारण पातळी चढलेली असते. त्याचा कप ओसंडतो का ते बघा. मग ड्रेन पाईप हाताने बुजवा आणि तिसरा पाईप बोलतो का ते ऐका. हे सगळं पहिला मासा आणायच्या आधी. टाकीवाला 'उद्या मासे टाका सर' म्हणेल. त्याला उद्याच्या उद्या मासे विकायचे असतात, तो त्याचा धंदा आहे.

प्रवाळांचं आता सांगतो, नाहीतर कोणीतरी विचारणारच. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या रांगेत. आपल्या समुद्रातला प्रवाळाचा तुकडा कोणी 'ऑर्डरवर' देतो म्हणाला तर तो गुन्ह्यात भागीदारी विकतोय. माझ्या टाकीत कृत्रिम खडक, मऊ प्रवाळ आणि टाकीत पैदास झालेले क्लाऊनफिश आहेत. एवढ्यावर माझं छान चाललंय.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात प्रामाणिक आक्षेप: 'कपाटात एवढी जागाच नाहीये.' फ्लॅट लहान असतात, टाकीखालच्या कपाटात मधे उभी पट्टी येते, ९० सेंटीमीटरचा संप शिरतच नाही. मान्य. मग संप लावू नका. खरंच. टाकीच्या मागच्या काचेला अडकवायचा स्किमर मिळतो, आत दोन प्रवाहाचे पंप, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, मासे मोजके ठेवायचे. ली चिन एंगच्या टाकीत तर स्किमरही नव्हता. काचेवर चार वस्तू टांगलेल्या दिसतील, पाहुणे 'हे काय' म्हणून विचारतील, फोटो तितका देखणा येणार नाही. पण तिथे ओसंडायला काही नाही, लाईट गेली तरी पाणी आहे तिथेच थांबतं.